टॉन्सिल काढायचे की नाही? एक कालनिर्णय, एक व्हिडिओ आणि माझा भाचा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

हेडफोन लावलाय ना? चला, सुरू करू.

आज नोकरी नाही, पगार नाही, कोडिंग नाही. आज घशाबद्दल बोलायचंय. लहान मुलांचे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड का काढतात, कधी काढतात आणि कधी काढू नयेत. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. पण गेल्या वर्षी आमच्या घरात हा विषय शिरला आणि मग मी माझ्या सवयीप्रमाणे तो खणत बसलो. हा भाग ऐकून कोणी ऑपरेशन ठरवू नका आणि ठरलेलं रद्दही करू नका. डॉक्टरांकडे जाताना हातात काय घेऊन जायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुम्ही म्हणाल, आमचं तर अजून लग्नही नाही. बरोबर आहे. पण आपण कोणाचे तरी मामा, मावशी, काका, आत्या आहोतच की. आणि घरात सगळ्यात चांगला फोन आपल्याकडे असतो. त्या फोनचं काम पुढे येणार आहे.

दोन मुलं

गोष्ट दोन मुलांची आहे. पहिला मुलगा मी.

आम्ही मूळचे दारव्ह्याचे. मी दुसरीत असताना माझा घसा सारखा धरायचा. ताप, गिळताना दुखणं, शाळेला दांडी. आजी गळ्याला बाहेरून चुना-हळद लावायची. पाहुणे आले की तोंड उघडायला लावायचे, आत डोकवायचे आणि निकाल द्यायचे, "केवढे वाढले बाप्पा! काढून टाका एकदाचे."

शेवटी बाबा मला यवतमाळला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी घसा पाहिला आणि आईला विचारलं, "वर्षातून किती वेळा होतं?" आई म्हणाली, "नेहमीच होते जी." ते म्हणाले, "नेहमी म्हणजे किती? वर्षभर लिहून ठेवा, मग बोलू."

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यावर दुधाचा हिशोब असायचा. त्याच चौकोनांत आई माझा घसा लिहायला लागली. घसा दुखला की छोटी फुली, ताप आला की आकडा, डॉक्टरकडे नेलं की गोल. वर्ष संपलं तेव्हा मोजले, तर चार वेळा. "नेहमीच"चं उत्तर चार निघालं. ऑपरेशन झालं नाही. सहावी-सातवीपर्यंत तो त्रास आपोआप कमी होत गेला. ते टॉन्सिल अजून माझ्याकडेच आहेत.

दुसरा मुलगा माझा भाचा. घरात त्याला सगळे चिकू म्हणतात. वय सहा. ताई दिग्रसला असते. चिकूचा घसा कधीच दुखत नाही. तापही फारसा येत नाही. त्यामुळे टॉन्सिल हा शब्द त्याच्या बाबतीत कोणाच्या तोंडी आलाच नव्हता.

आणि ऑपरेशनची गरज चिकूलाच होती. हे असं उलटं का, तेच आज सांगायचंय.

रात्री दीड वाजता

गेल्या दिवाळीत मी घरी होतो, ताईही आली होती. माझी त्या आठवड्यात ऑन-कॉल ड्युटी, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडा. बाजूला गादीवर चिकू झोपलेला. तो घोरत होता. मोठ्या माणसासारखा. आई झोपेतच म्हणाली, "झोपू दे त्याले, दमलं लेकरू. घोरते म्हणजे गाढ झोपलं."

दीड वाजता घोरणं थांबलं. मला बरं वाटलं, जरा शांतता झाली म्हणून. मग मी सहज त्याच्याकडे पाहिलं. त्याची छाती हलत होती, आत ओढली जात होती, पण नाकातोंडातून काहीच आवाज नव्हता. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन... नऊपर्यंत गेलो. मग एकदम हिसका बसल्यासारखा त्याने श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरणं सुरू. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, थंडीतही कपाळ घामेजलेलं.

मी फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. दहा मिनिटांत तसं चार वेळा झालं.

सकाळी ताईला दाखवला. ती आधी हसली, मग गप्प झाली. मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. तो अजून अंथरूण ओलं करतो. सकाळी उठवताना रडतो. जेवायला तास लावतो, वजन वाढत नाही. आणि शाळेतून दोनदा निरोप आलेला, "मुलाचं लक्ष नाही, सांगितलेलं ऐकत नाही." ताईने त्याच्यावरून त्याला मारलंही होतं. हे सांगताना तिला रडू आलं.

हे असतात तरी कुठे?

आता थोडी रचना समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तोंड उघडलं की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना जे दोन गोळे दिसतात ते टॉन्सिल. अ‍ॅडिनॉइड मात्र दिसत नाही. ते नाकाच्या अगदी मागे, टाळूच्या वर, नाक आणि घसा जिथे मिळतात तिथे असतं. एक्स-रे काढून किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालूनच ते बघता येतं. म्हणून पाहुण्यांना टॉन्सिल सापडतात आणि अ‍ॅडिनॉइड सापडत नाही. जगालाही ते उशिराच सापडलं. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी अ‍ॅडिनॉइड वाढल्यामुळे मुलांचं नाक, कान आणि बोलणं कसं बिघडतं ते पहिल्यांदा नीट मांडलं.

दोघांचं काम एकच. बाहेरून येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून द्यायची. लहानपणी ही ओळखपरेड जोरात चालू असते, म्हणून साधारण तीन ते सात या वयात घशाच्या मानाने ते मोठे असतात. पुढे वय वाढतं, घसा मोठा होतो, हे आकसतात. म्हणजे लहान मुलाचे टॉन्सिल मोठे दिसणं हा आजार नाही. तो त्या वयाचा भाग आहे.

मग काढायचे कधी? मुख्य कारणं दोन. झोपेतला श्वास आणि संसर्गाचा आकडा.

पहिलं कारण: झोपेतला श्वास

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, वाट उघडी राहते. झोपलं की ते सैल पडतात. आधीच टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडनी वाट अरुंद केली असेल, तर झोपेत ती पूर्ण बंद होते. छाती जोर लावते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पोरगं पुन्हा झोपतं. हे रात्रभर. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

मोठी माणसं अशा झोपेनंतर दिवसभर पेंगतात. मुलं बऱ्याचदा उलटी वागतात. चिडचिड करतात, एका जागी बसत नाहीत, लक्ष लागत नाही. म्हणून शाळेत ती "मस्तीखोर" किंवा "ढ" ठरतात. झोप नीट नसली की वाढ खुंटते, अंथरूण ओलं होतं. वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेतला की चेहरा लांबट होतो, टाळू उंच जातो, दात दाटीवाटीने येतात. त्रास फार वाढला तर हृदयावरही ताण येतो.

आजकाल मुलांचे टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि यात घसा दुखायलाच हवा असं काही नाही. चिकूचं हेच होतं.

आता माझ्यासारख्या शंकेखोर माणसाला प्रश्न पडतो की ऑपरेशनने खरंच फरक पडतो का? यावर अमेरिकेत एक चांगली चाचणी झाली, २०१३ मध्ये छापून आली. स्लीप ॲप्निया असलेली पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं घेतली. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना नजरेखाली ठेवून वाट पाहिली. सात महिन्यांनी पुन्हा तपासलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. वर्तन सुधारलं, त्रास कमी झाला. पण गंमत अशी की वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल आली. आणि लक्ष किती लागतं याची जी चाचणी होती, तिच्यात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही.

याचा अर्थ काय? त्रास हलका असेल तर थांबून बघायला जागा आहे. काही वेळा डॉक्टर आधी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे काही आठवडे देऊन बघतात. आणि ऑपरेशन केलं की पोरगं वर्गात पहिलं येईल, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण हेही लक्षात ठेवा की झोपेत ऑक्सिजन फार उतरणारी मुलं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. त्यांच्या बाबतीत वाट पाहत बसणं महागात पडतं.

दुसरं कारण: सात, पाच, तीन

आता संसर्ग. इथे माझ्या आईचं कालनिर्णय कामाला येतं.

पिट्सबर्गचे जॅक पॅराडाइझ नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९८४ मध्ये १८७ मुलांचा अभ्यास छापला. सारखा घसा धरणारी मुलं होती ती. त्यात मुलं घेण्यासाठी त्यांनी जी अट ठेवली, ती आज जगभरचे डॉक्टर वापरतात. लक्षात ठेवायला सोपी आहे: सात, पाच, तीन. गेल्या एका वर्षात सात वेळा घसा बसला, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा.

आणि नुसतं "घसा खवखवतोय" मोजायचं नाही. प्रत्येक वेळी घसादुखीसोबत चारपैकी निदान एक गोष्ट हवी. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, किंवा मानेतल्या गाठी सुजलेल्या, किंवा टॉन्सिलवर पांढरा पू, किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह. शिवाय डॉक्टरांनी त्या त्या वेळी बघून लिहिलेलं हवं.

या अटीत बसणाऱ्या मुलांना ऑपरेशनचा फायदा झाला. पुढची दोन वर्षं त्यांचा घसा कमी वेळा बसला. पण ज्यांचं ऑपरेशन झालं नाही, त्यांच्यातल्याही बऱ्याच मुलांचा त्रास आपोआप कमी झाला. म्हणून आज जाणकार डॉक्टर असं म्हणतात की आकडा अटीपेक्षा कमी असेल तर थांबा. आकडा पुरा झाला तर ऑपरेशनचा विचार करा. विचार करा म्हणजे कराच असं नाही.

अपवाद आहेत. मुलाला बऱ्याच ॲंटिबायोटिकची ॲलर्जी असेल, किंवा टॉन्सिलच्या बाजूला पू साठून गळू एकापेक्षा जास्त वेळा झालं असेल, तर आकडा कमी असूनही डॉक्टर वेगळा निर्णय घेतात.

इथे एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा बसला आणि नीट उपचार झाले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. यावरचा उपाय ॲंटिबायोटिक आहे. डॉक्टरांनी दहा दिवस लिहून दिलं असेल तर दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली फ्रीजवर ठेवून द्यायची नाही. आपल्याकडे हेच होतं. अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी, नाहीतर धाकट्यासाठी.

हजार मुलांचे घसे

आता जरा इतिहास. हा भाग मला सगळ्यात आवडला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिका-इंग्लंडमध्ये टॉन्सिल काढण्याची लाटच होती. दिसले मोठे की काढ. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या शाळांतली एक हजार मुलं तपासली गेली. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते! उरले ३८९. त्यांना डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी १७४ जणांना सांगितलं, काढा. उरलेले २१५, ज्यांना "गरज नाही" सांगितलं होतं, ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी त्यातले ९९ निवडले. मग उरलेले ११६ तिसऱ्यांदा दाखवले. त्यातलेही ५१ निवडले गेले. हजारांतून शेवटी ६५ मुलं उरली, ज्यांना कोणीच "काढा" म्हटलं नव्हतं.

तुम्ही कोड लिहीत असाल तर तुम्हाला हसू आलं असेल. कुठलाही डेटा द्या, हा प्रोग्राम त्यातल्या साधारण ४५ टक्क्यांना "हो"च म्हणतो. म्हणजे तो घसा तपासतच नाहीये. समोर जेवढी मुलं आहेत, त्यातली जवळपास निम्मी वेगळी काढतोय.

इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये दाखवलं की कुठल्या भागात राहता यावर टॉन्सिल राहणार की जाणार हे ठरत होतं. हॉर्न्सी नावाच्या भागात १९२९ मध्ये शाळेचे डॉक्टर बदलले आणि ऑपरेशनांची संख्या एकदम दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. मुलं तीच, घसे तेच.

या लाटेतून शहाणपण आलं. टॉन्सिलचा आकार पाहून ठरवायचं नाही. ते मुलाला काय त्रास देतायत आणि किती वेळा देतायत, ते मोजून ठरवायचं. आमच्या यवतमाळच्या डॉक्टरांनी आईला "लिहून ठेवा" का सांगितलं होतं, ते मला वीसेक वर्षांनी समजलं.

कान

चिकूच्या बाबतीत एक तिसरी गोष्टही निघाली.

मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. तिचं तोंड अ‍ॅडिनॉइडच्या अगदी शेजारी असतं. अ‍ॅडिनॉइड वाढलं आणि त्याला सारखा संसर्ग होत राहिला की नळीचं काम बिघडतं आणि कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही. फक्त ऐकू कमी येतं, बोटं कानात घालून ऐकल्यासारखं. असं पाणी बरेचदा आपोआप जातं, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. तरी राहिलं आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात छोटी नळी बसवतात आणि चार वर्षांपुढच्या मुलांत अ‍ॅडिनॉइड काढण्याचाही विचार होतो.

चिकूची ऐकण्याची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. "सांगितलेलं ऐकत नाही" हा शाळेचा निरोप शब्दशः खरा होता. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. त्याआधी वर्षभर आम्ही त्याला सर्दीची सिरपं पाजत होतो. कोणी एकाने चूक केली असं मी म्हणणार नाही. नाक गळतंय, सिरप द्या, असंच सगळ्यांचं चाललं होतं. घोरण्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

भाऊजींचे प्रश्न

व्हिडिओ पाहून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मान हलवली. एक्स-रे, कान, रक्त सगळं झालं आणि ऑपरेशन सांगितलं. घरी आल्यावर भाऊजींनी प्रश्न विचारले. तुमच्याही घरी हेच विचारतील, म्हणून सांगतो.

"टॉन्सिल काढले तर प्रतिकारशक्ती जाईल का?" घशात आणि शरीरात इतरत्र तेच काम करणाऱ्या पेशी भरपूर असतात. ऑपरेशननंतर मुलं दुबळी होतात असं सर्वसाधारणपणे दिसत नाही. पण डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. त्यात लहानपणी ऑपरेशन झालेल्यांना पुढे श्वसनाचे काही आजार जास्त दिसले. आता ती मुलं मुळातच जास्त आजारी होती म्हणून तसं दिसलं का, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. तरी त्यातून घ्यायचं ते एवढंच की गरज नसताना काढू नका.

"आवाज जाईल का?" जात नाही. अडकलेलं नाक मोकळं झाल्यामुळे थोडा बदललेला वाटतो. टाळू जन्मतः फाटलेला असेल तर मात्र अ‍ॅडिनॉइड काढण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण मग बोलताना हवा नाकातून जाऊ शकते.

"भूल दिल्यावर काही झालं तर?" भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटली. भूलतज्ज्ञांना सगळं खरं सांगायचं. सर्दी-खोकला-ताप असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, ते लपवायचं नाही. घरात कोणाला कापलं की रक्त लवकर थांबत नाही असं असेल तर सांगायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात हलत असेल तर तोही सांगायचा. आणि उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर आजीने हळूच बिस्कीट द्यायचं नाही!

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास गोष्ट. विदर्भात, यवतमाळमध्येही, सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, विशेषतः आदिवासी समाजात. सिकलसेल असलेल्या मुलाचा झोपेत ऑक्सिजन उतरणं जास्त धोक्याचं असतं आणि भूल देतानाही वेगळी काळजी घ्यावी लागते. अशा मुलांची ऑपरेशनआधी झोपेची तपासणी करावी असं जाणकारांचं मत आहे. म्हणून तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या आणि झाली असेल तर ते कार्ड सोबत न्या.

"खर्च?" हा प्रश्न भाऊजींनी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू विचारला. कापूस वेचणीचे दिवस होते, पैसे यायचे होते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांच्या यादीत ऐकण्याचा दोष, कानाचा संसर्ग, संधिवाताच्या तापाने होणारा हृदयरोग हे आहेत. घोरणं त्या यादीत नाही. ते आपण सांगायचं.

ऑपरेशननंतरचे दहा दिवस

ऑपरेशन तासाभरात झालं. खरी परीक्षा नंतर असते.

घसा आठ-दहा दिवस दुखतो, कधी कानातही कळ येते. जखमेवर पांढरट साय धरल्यासारखं दिसतं. तो पू नाही, जखम भरण्याचा भाग आहे. पाणी पाजत राहणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण घसा कोरडा पडला की जास्त दुखतं. आइस्क्रीम चालतं, आणि या एका गोष्टीवर चिकू जाम खूश होता. मऊ भात, गार खिचडी चालते. चिवडा, टोस्ट, तिखट रस्सा नाही. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी लिहिलेलंच द्यायचं. घरात पडलेलं कोडीनवालं खोकल्याचं औषध तर मुळीच नाही. या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच दिलाय, कारण त्याने काही मुलांचा श्वास मंदावून जीव गेला होता.

धोका रक्तस्रावाचा. शंभरात साधारण दोन-चार मुलांना होतो. एक तर पहिल्या चोवीस तासांत, किंवा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली पडताना. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, मूल सारखं गिळतंय असं वाटलं, रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच रुग्णालय. म्हणून लांबच्या गावातल्या लोकांनी हे दहा दिवस रुग्णालयाजवळ राहणाऱ्या नातेवाइकाकडे काढलेले बरे. झरी-जामणीच्या आतल्या गावातून रात्री दोन वाजता गाडी कुठे शोधणार? ताई यवतमाळला आत्याकडेच राहिली.

आणि ऑपरेशनची वाटच बघायची नाही अशी वेळही ओळखून ठेवा. घशाची एकच बाजू फार सुजली, तोंड उघडत नाही, लाळ गळतेय, श्वास घेताना आवाज येतोय, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर.

आता तुमचं काम

मंडळी, एवढं सगळं बोललो त्यातलं दोनच गोष्टी लक्षात ठेवा.

घरात सारखा घसा धरणारं मूल असेल तर कॅलेंडरवर लिहा. तारीख, ताप, डॉक्टरांनी काय पाहिलं. सात, पाच, तीन. चार आले तर ऑपरेशनची घाई नको, भले पाहुणे काहीही म्हणोत.

आणि घरात आठवड्यातून तीन-चार रात्री घोरणारं मूल असेल, तर तो मध्यरात्री घोरत असताना फोन हातात घ्या. तोंड आणि छाती दोन्ही दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. आवाज चालू ठेवा, गाणं लावू नका, स्टेटसला टाकू नका. तो फक्त डॉक्टरांसाठी. दवाखान्यात दिवसा मूल जागं असतं, त्याचा रात्रीचा श्वास डॉक्टरांना दिसत नाही.

चिकूचं ऑपरेशन होऊन आता काही महिने झालेत. वर्गात तो पहिला वगैरे आलेला नाही. आला तर सांगीन. अंथरूण मात्र कोरडं असतं. परवा घरी आलो तर मला म्हणाला, "मामा, तुमच्या घरचा पंखा किती आवाज करते!" तो पंखा दहा वर्षं तसाच आवाज करतोय.

पण मला ताईने सांगितलेली गोष्ट जास्त लक्षात राहिलीय. सूज उतरल्यावरची, आत्याकडची एक रात्र. रात्री तीनला ताई दचकून जागी झाली. का जाग आली ते तिला आधी कळेना. मग कळलं, खोलीत काहीच आवाज नव्हता. ती घाबरली. अंधारात तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता, तोंड बंद होतं. मग ती सकाळपर्यंत तशीच बसून राहिली, त्याच्याकडे बघत.

हा भाग तुमच्या ताईला, दादाला, वहिनीला पाठवा. त्यांच्याकडे ऐकायला वेळ नसेल तर लिहिलेलं पाठवा. आणि आज रात्री भाचे-पुतणे घरात झोपलेले असतील, तर पाच मिनिटं फोन बाजूला ठेवून नुसतं ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.